चित्र झाकल्यावर

मुलगी पहिलीत असताना मी गुरुवारी सकाळी तिच्या शाळेत मदतीला जात असे. कॅलिफोर्नियातल्या आमच्या भागात सरकारी शाळांत पालकांनी असे येण्याचा प्रघात आहे. कोणी रंग कालवून देतो, कोणी झेरॉक्स काढतो, माझ्या वाट्याला मुलांचे वाचन ऐकण्याचे काम आले होते. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात राजम्याच्या दाण्यासारखे वळण असलेले टेबल होते. त्याच्या खोलगट बाजूला मी बसत असे आणि एकेक मूल समोर येऊन पातळसे, गुळगुळीत पानांचे पुस्तक वाचून दाखवत असे. एका सकाळी समोर बसलेल्या मुलाच्या पानावर लाल छपराचे घर होते आणि खाली चार शब्दांचे वाक्य. शेवटचा शब्द 'होम' होता. मुलाने तो 'हाऊस' असा वाचला आणि ऐटीत पान उलटले. मी पान मागे घेतले, चित्रावर तळहात ठेवला आणि त्याला पुन्हा वाचायला सांगितले. त्याने आधी माझ्या हाताकडे पाहिले, मग मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. अक्षरे हाताच्या खाली, बोटभर अंतरावर, उघडी होती. त्यांच्याकडे त्याची नजर एकदाही गेली नाही. हरवलेला शब्द तो माझ्या डोळ्यांत, ओठांत, भुवयांत शोधत होता आणि माझ्या चेहऱ्यावर काहीच सापडेना तेव्हा हळू आवाजात म्हणाला, "हात काढाल का?"

वर्गाच्या बाईंनी तो प्रकार लांबून पाहिला होता. मधल्या सुट्टीत त्यांनी मला अगदी प्रेमाने समजावले की मूल अर्थाला धरून वाचते आहे, तेव्हा चित्र झाकून त्याचा आत्मविश्वास घालवू नये. बाई मनापासून शिकवणाऱ्या होत्या. पदरचे पैसे खर्चून वर्गासाठी पुस्तके आणत, प्रत्येक मुलाच्या घरी कोणकोण असते हे त्यांना ठाऊक असे. त्यांच्या मागच्या भिंतीवर एक रंगीत तक्ता होता. त्यावरचा गरुड सांगत होता, चित्राकडे नीट बघ. मासा सांगत होता, पहिल्या अक्षरासाठी ओठ तयार ठेव. आणि बेडूक सांगत होता, शब्द अडला तर उडी मारून पुढे जा. समोरच्या मुलाने गरुडाचे ऐकले होते, बेडकाचेही ऐकले होते. तो तक्ता काही त्या एकाच शाळेचा नव्हता. अमेरिकेतल्या असंख्य वर्गांत तो तसाच लागलेला असे.

रात्री फोनवर आईला हे सांगितले. आई सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झालेली. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अगं, मग अक्षरं कधी शिकवतात?" मी म्हटले, शिकवतात की, मधूनमधून, गोष्टीच्या ओघात, गरज पडेल तशी. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या वर्गात 'ग म भ न' पासून सुरुवात होत असे, ओल्या फडक्याने पुसलेल्या पाट्यांचा वास दारापर्यंत येत असे, आणि काना-मात्रा-वेलांटीचा एकसुरी गजर शाळेच्या पटांगणापलीकडच्या उसात ऐकू जात असे. वाचायला कसे शिकवावे यावर एखाद्या देशात दीडशे-पावणेदोनशे वर्षे भांडण चालू शकते, हे तिला पटणे अवघड होते, आणि खरे सांगायचे तर मलाही.

पण बाराखडीचा अभिमान इथे फार दूर नेत नाही. आपली लिपी शिकणाऱ्याशी बहुतेक वेळा प्रामाणिक असते. 'क'ला काना दिला की 'का'च होतो. इंग्रजीत 'टफ', 'थ्रू' आणि 'दो' या तिन्ही शब्दांत तीच चार अक्षरे (ough) वेगवेगळे आवाज काढतात, तेव्हा त्या भाषेचे मूल गोंधळले तर दोष त्याचा नाही. शिवाय आपल्याकडेही 'असर' या शालेय पाहणीचे अहवाल दरवेळी सांगतातच की देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता येतो. गजर सगळ्यांचा होतो, वाचन सगळ्यांचे होत नाही. म्हणून आईच्या मौनातला निकाल मला तेव्हा पूर्ण मान्य झाला नाही. त्या मुलाची वर उचललेली मान मात्र डोळ्यांपुढून जाईना.

या भांडणाची मुळे शोधू गेले तर ती फार मागे जातात. मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे पहिले सचिव होरेस मान यांनी १८४०च्या दशकाच्या सुरुवातीलाच सुटी अक्षरे म्हणजे रक्तहीन, सांगाड्यासारखी भुते असल्याचे म्हटले होते. अशा भुतांकडे मुलांनी टक लावून का बसावे, संपूर्ण शब्दच का ओळखू नये, हा त्यांचा सवाल. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन मुले शब्द चित्रासारखा नजरेने ओळखायला शिकत होती. १९५५मध्ये रुडॉल्फ फ्लेश यांनी त्याविरुद्ध एक जळजळीत पुस्तक लिहिले आणि ते घरोघरी गेले. मग १९६७मध्ये केन गुडमन या भाषाशास्त्रज्ञाने मांडले की वाचन हा मुळात अंदाजांचा खेळ आहे. वाचणारा संदर्भावरून, वाक्याच्या रचनेवरून आणि थोड्याफार अक्षरांवरून पुढचा शब्द ताडतो. न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञ मेरी क्ले याच सुमारास त्याच दिशेने चालल्या होत्या, आणि १९८४मध्ये त्यांचा वाचनाचा कार्यक्रम ओहायोमार्गे अमेरिकेत आला. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या लूसी कॅल्किन्स यांनी वाचन-लेखनाच्या कार्यशाळांची जी पद्धत रूढ केली, ती हजारो शाळांत पोहोचली. भिंतीवरचा गरुड आणि बेडूक हे त्याच घराण्याचे.

ही पद्धत लोकांना इतकी का आवडली, हे समजायला मला मुळीच त्रास पडला नाही, कारण मलाही ती आवडली होती. मुलीच्या वर्गात खिडकीखाली एक मऊ गालिचा होता, त्यावर उशा होत्या, पुस्तकांच्या टोपल्यांवर डायनासोर, अवकाश, कुत्री अशी नावे चिकटवलेली होती. जेवणाच्या सुट्टीनंतर दिवे मंद करून वीस मिनिटे मुले आपापल्या आवडीचे पुस्तक घेऊन तिथे लोळत. कोणी पालथे, कोणी भिंतीला पाय लावून. आमच्या वर्गात पुस्तक म्हणजे बालभारती, तेही तपकिरी कागदाचे कव्हर घातलेले आणि चुरगळले तर ओरडा बसणारे. सात वर्षांच्या मुलाला कोणीतरी 'तुला काय वाचावेसे वाटते' असे विचारते, हे पाहून माझा ऊर भरून आला होता. त्या गालिच्यावरच्या मुलांतली किती मुले खरेच वाचत होती आणि किती केवळ पाने उलटत होती, हा प्रश्न त्या मंद उजेडात सुचणे शक्यच नव्हते.

संशोधन मात्र केव्हाच दुसरीकडे गेले होते. कीथ स्टॅनोविच आणि रिचर्ड वेस्ट हे दोन तरुण संशोधक १९७०च्या दशकात संदर्भावरून अंदाज बांधणे हे चांगल्या वाचकाचे लक्षण असणार, अशा अपेक्षेने प्रयोग करू लागले आणि त्यांना नेमके उलटे आढळले. चांगला वाचक अक्षरे इतक्या सहज आणि झपाट्याने उलगडतो की अंदाजाची त्याला गरजच पडत नाही. अंदाज बांधत बसतो तो कच्चा वाचक. डोळ्यांच्या हालचाली मोजणाऱ्या उपकरणांनीही तेच दाखवले. २०००मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध पद्धतशीरपणे शिकवावा, असा कौल दिला. म्हणजे माझी मुलगी जन्मायच्या कितीतरी आधी हा प्रश्न कागदोपत्री निकालात निघाला होता.

वर्गात तो निकालात निघाला नाही, याचे एक कारण राजकारण आहे. ११ सप्टेंबर २००१च्या सकाळी अध्यक्ष बुश फ्लोरिडातल्या सॅरासोटा इथे दुसरीच्या वर्गात बसलेले होते. एक अधिकारी वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगतो आहे, हे छायाचित्र सगळ्या जगाने पाहिले. त्या वेळी मुले काय करत होती, हे फारसे कोणाला आठवत नाही. मुले बाईंच्या खुणेसरशी एका सुरात शब्द वाचत होती, 'किट'चा 'काइट' होताना आवाज कसा बदलतो ते घोकत होती, आणि बुश तिथे गेले होते ते याच पद्धतीचा पुरस्कार करायला. पुढच्या वर्षी त्यांच्या शिक्षण कायद्याबरोबर वाचनासाठी वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलर खर्चाची योजना आली. तिच्यातल्या हितसंबंधांवर २००६मध्ये सरकारच्याच तपास अधिकाऱ्यांनी ताशेरे ओढले, २००८च्या पाहणीत मुलांच्या आकलनात फरक दिसला नाही, आणि योजना गुंडाळली गेली. मागे राहिला तो एक शिक्का. अक्षर-ध्वनी म्हणजे रिपब्लिकन, घोकंपट्टी, परीक्षा, शिक्षकाच्या हातात दिलेली छापील संहिता. आणि गालिचा, उशा, आवडीचे पुस्तक म्हणजे पुरोगामी. बर्कली-ओकलंडच्या पुरोगामी परिसरात राहणाऱ्या शिक्षकाने यातले काय निवडायचे, हे त्याच्या मतपत्रिकेवरूनच ठरून गेले.

सहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांनी अक्षरांवर थांबायचे की चित्रावर, हा प्रश्न पक्षाचा व्हावा याचे मला आजही नवल वाटते.

तरी एवढी कच्ची पद्धत इतकी वर्षे चालली कशी, हे कोडे त्याने सुटत नाही. मला वाटते, ती आमच्यासारख्या घरांनी चालवली. माझी मुलगी पाच वर्षांची असताना आई सहा महिने आमच्याकडे राहायला आली होती आणि तिने नातीला मराठी अक्षरांबरोबर इंग्रजी अक्षरांचे आवाजही, 'ब'चा 'बॅ', 'क'चा 'कॅ', अशा आपल्या ठेक्यात घोकून घेतले होते. शेजारच्या चिनी कुटुंबातला मुलगा शनिवारी कुमॉनच्या खासगी शिकवणीला जाई. समोरच्या घरातल्या मुलीला अक्षरे उलटसुलट दिसत, तेव्हा तिच्या वकील आईने तासाला शंभराहून अधिक डॉलर घेणारी खास शिक्षिका आठवड्यातून दोनदा घरी बोलावली. वर्षाअखेरीस शाळेच्या चाचणीत ही तिन्ही मुले इयत्तेच्या पुढे निघाली, शाळेच्या आलेखात ती शाळेचे यश म्हणून मोजली गेली, आणि पद्धत उत्तम चालली आहे याचा तो पुरावा ठरला. ज्याच्या घरी आजी नव्हती, कुमॉनचे पैसे नव्हते आणि दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला इंग्रजी वाचता येत नव्हते, त्याचा आलेख खाली गेला. पण त्याचे स्पष्टीकरण सगळ्यांकडे तयार होते. घरी वातावरण नाही. गरिबी. पुस्तके नाहीत. हे सगळे खरेच असल्यामुळे शाळेत काय शिकवले, असे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही.

आमच्या जवळच याचे एक रोखठोक दर्शन घडते. पीडमाँट नावाचे छोटेसे गाव चहूबाजूंनी ओकलंड शहराने वेढलेले आहे. रस्ता तोच, झाडे तीच, पण नगरपालिका वेगळी आणि शाळांचे मंडळही वेगळे. १९७१मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने घरपट्टीच्या भरवशावर शाळा चालवण्यातला अन्याय मान्य केला होता, त्यानंतर राज्याने पैशांचे वाटप बरेच सारखे केले. तरी गावाने स्वतःवर लावलेला जादा कर आणि पालकांच्या प्रतिष्ठानांच्या देणग्या कोण थांबवणार? दोन वर्षांनी, १९७३मध्ये, टेक्सासच्या एका खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की शिक्षण हा अमेरिकन राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्कच नाही. त्या एका मताने काय झाले हे पाहायचे असेल तर ओकलंडच्या सपाटीवरून पीडमाँटच्या टेकडीपर्यंत गाडीने जावे. फार वेळ लागत नाही.

ओकलंडमधले करीम वीव्हर यांचे मला म्हणूनच अप्रूप वाटते. ते स्वतः शिक्षक होते, आणि ओकलंडच्या शाळांतला अक्षर-ध्वनीवर आधारलेला, पानापानावर संहिता असलेला कार्यक्रम हटवावा म्हणून झगडणाऱ्या शिक्षकांच्या बाजूचे होते. शिक्षकाला यंत्राचा सुटा भाग करणारी ती पद्धत त्यांना अपमानास्पद वाटत होती, आणि वाटावीच अशी ती होती. मुलांचे वाचन मात्र त्या कंटाळवाण्या पद्धतीतच सुधारत होते. काही वर्षांनी हेच वीव्हर कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या जुन्या संघटनेच्या स्थानिक शाखेतर्फे २०२१मध्ये शाळा मंडळाकडे अर्ज घेऊन गेले की आमच्या मुलांना अक्षरे शिकवा. वाचन येणे हा नागरी हक्काचा प्रश्न आहे, हे त्यांचे म्हणणे. न्यायाची भाषा दोन्ही वेळा तीच होती. पहिल्या वेळी ती शिक्षकाच्या सन्मानासाठी वापरली गेली, दुसऱ्या वेळी मुलाच्या डोळ्यांसाठी, आणि या दोन्हींचा मेळ कसा घालावा, याचे उत्तर वीव्हर यांच्याकडेही आयते असेल असे मला वाटत नाही.

नंतरची उलथापालथ झपाट्याने झाली. २०२२मध्ये एमिली हॅनफर्ड या पत्रकार बाईंच्या पॉडकास्टने, टाळेबंदीत मुलांचे ऑनलाइन वर्ग शेजारी बसून पाहिलेल्या पालकांच्या मनातली शंका बोलून दाखवली. कॅल्किन्स यांनी त्याच वर्षी आपल्या अभ्यासक्रमात अक्षर-ध्वनीची भर घातली. पुढच्या वर्षी टीचर्स कॉलेजने त्यांचा प्रकल्पच बंद केला. न्यूयॉर्कने २००३मध्ये जी पद्धत शहरभर लागू केली होती, ती २०२३मध्ये महापौर एरिक ॲडम्स यांनी मोडीत काढली. त्यांना स्वतःला लहानपणी डिस्लेक्सिया होता आणि तो शाळेत कोणाच्याही ध्यानात आला नव्हता. सगळ्यांच्या तोंडी मिसिसिपीचे नाव आले. देशातल्या अत्यंत गरीब राज्यांपैकी हे एक. चौथीच्या वाचनात २०१३मध्ये एकोणपन्नासावे होते, ते २०२४मध्ये नवव्या स्थानावर पोहोचले. त्यांनी शिक्षकांना नव्याने प्रशिक्षण दिले, कच्च्या शाळांत वाचनाचे जाणकार पाठवले, आणि २०१३च्या कायद्याने तिसरीच्या शेवटी एक दार उभे केले. वाचता आले नाही तर मूल चौथीत जात नाही.

त्या दाराशी मी अडखळते. मिसिसिपीत सवलती आहेत, फेरपरीक्षा आहेत, हे मान्य. पण नऊ वर्षांच्या मुलाला वर्गमित्रांपासून तोडून पुन्हा त्याच बाकावर बसवणे म्हणजे काय, हे मी आईच्या शाळेत पाहिलेले आहे. नापास झालेली मुले पुढच्या जूनमध्ये आपल्यापेक्षा वीतभर बुटक्या मुलांमध्ये बसत आणि दिवाळीपर्यंत त्यांतली काही यायचीच बंद होत. चौथीच्या गुणांतली काही वाढ या मागे ठेवण्यामुळेच दिसते, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतलेला आहे. आठवीपर्यंत जाता जाता ती वाढ बरीच ओसरते, हेही आकड्यांतच आहे. तरीही मी त्या राज्याला हसू शकत नाही. राज्यातल्या प्रत्येक तिसरीच्या मुलाला वाचता येते की नाही हे त्यांनी निदान नावानिशी पाहिले. आमच्या श्रीमंत, सुशिक्षित, उदारमतवादी राज्यात ते पाहायला कोर्टात जावे लागले. वाचता न येणाऱ्या मुलांच्या वतीने २०१७मध्ये राज्यावर खटला झाला, २०२०मध्ये तडजोड झाली, आणि सर्वांत मागे पडलेल्या ७५ शाळांना ५ कोटी डॉलर मिळाले. त्या शाळांतल्या मुलांची प्रगती झाल्याचे स्टॅनफर्डच्या संशोधकांना पुढे आढळले. राहिलेल्या हजारो शाळांचे काय, हे तडजोडीत नव्हते.

२०२४मध्ये सगळ्या कॅलिफोर्नियाला अक्षर-ध्वनीची पद्धत सक्तीची करणारे विधेयक आले तेव्हा शिक्षक संघटनेने ते अडवले, आणि त्यांच्या जोडीला स्थलांतरितांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. त्यांचा मुद्दा असा की ज्याच्या घरी इंग्रजी बोललेच जात नाही, त्याला अक्षरे उलगडून काय मिळेल? या आक्षेपाला मी सहज उडवून लावू शकत नाही, कारण त्याचे चालते-बोलते उदाहरण मी रविवारी पाहते. महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत मी मोठ्या गटाला शिकवते. तिथली बारा-तेरा वर्षांची मुले देवनागरी खणखणीत वाचतात. 'अंगणात सडा घालून आजी तुळशीपाशी बसली' हे वाक्य एकही वेलांटी न चुकवता वाचून दाखवतात आणि मग निरागसपणे विचारतात की सडा म्हणजे काय, आणि अंगणात म्हणजे पार्किंगमध्ये का. अक्षर सगळे हाती, अर्थ कुठेच नाही. अक्षर-ध्वनीच्या अतिउत्साही समर्थकांना मला तो वर्ग दाखवावासा वाटतो.

परंतु त्याच वर्गात दुसरेही दिसते. एका उन्हाळ्यात यांतली एक मुलगी सुट्टीत कोल्हापूरला आजोळी राहून आली. 'सडा', 'उंबरा', 'परडे' हे शब्द कानांनी भरून परतली आणि सप्टेंबरात तोच धडा तिने असा वाचला की मला पुस्तकात बघावे लागले नाही. शब्द आले तेव्हा त्यांना बसायला जागा तयार होती. ज्या मुलाला केवळ चित्र पाहून बोलायची सवय लागली आहे, त्याने उद्या कितीही इंग्रजी ऐकले तरी छापलेल्या पानावर ते त्याला ओळखू येणार नाही. आणि तिसरीनंतर पुस्तकांतली चित्रे कमी होत जातात, शास्त्राच्या आणि इतिहासाच्या पुस्तकांत तर बेडकासारखी उडी मारून सुटतील असे शब्दच नसतात. दोन्ही हवे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. 'संतुलित' वाचनशिक्षण या नावाखालीच तर वीस वर्षे चित्रांकडे बघणे चालले होते. आधी काय, किती वेळ आणि कोणासाठी किती, हे ज्याला रोज सकाळी पंचवीस मुलांसमोर ठरवावे लागते, त्या शिक्षकाला ते त्याच्या पदवीच्या अभ्यासात कोणी शिकवलेले नव्हते, ही खरी अडचण आहे.

ऑक्टोबर २०२५मध्ये कॅलिफोर्नियाने अखेर कायदा केला. संशोधनाला धरून असलेल्या पाठ्यसाहित्याची यादी राज्य करणार आहे, शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी २० कोटी डॉलर ठेवले आहेत. आधीच्या विरोधकांशी समझोता करून तो मंजूर झाला, आणि त्या समझोत्याची किंमत म्हणजे प्रशिक्षणाची सक्ती काढून टाकली गेली. ज्या शाळा मंडळांना हवे त्यांनी घ्यावे. आमच्या शाळा मंडळाच्या पुढच्याच बैठकीत प्रशिक्षणाचा विषय आला, कारण तो आणायला लावणारे पालक सभागृहात बसलेले होते: दोन डॉक्टर, एक वकील, गूगलमध्ये काम करणारे एक गृहस्थ, आणि मी. आम्हा प्रत्येकाच्या मुलाला वाचता येत होते. अर्ध्या तासाच्या अंतरावरच्या, जिथे रात्रपाळीला जाणारे पालक मंडळाच्या बैठकीला येऊ शकत नाहीत अशा गावात, हा विषय कोण काढणार आहे, असे मी बाहेर पडताना त्या वकील बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, तिथे आपला मतदानाचा हक्क नाही.